पेटीतला भुंगा

६ नोव्हेंबर, गुरवार

पहिल्यांदा आली ती भागाबाई. गाडी अजून आमच्या दारात थांबलीबी न्हवती, तर ही शेजारीण लुगड्याला हात पुसत वसरीवर हजर. म्हणे, साखर हाय का वाटीभर. साखर कसली, कोण आलं ते पाहायला आली. बरं झालं आली, मला एकटीला सुधरलंच नसतं.

गाडी चालवत होती एक पोरगी, चष्मा, डोक्यावर ओढणी. दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. "भाबी, पहचाने क्या?" मी म्हणलं न्हाई बाबा. तर त्यानं पोटाजवळ हवेतच बोटं हालवली, गिटार वाजवल्यासारखी. तवा कळलं. सलीमभाई! नांदेडच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतला. जत्रा असो का लग्न, ह्यांची पार्टी अन् आमच्या मालकाचा माइक, बराबर हिंडायचे. माझ्या हातच्या किती भाकरी खाल्ल्या ह्या माणसानं. तवा दाढी काळी होती अन् पँट खालून सुपाएवढी रुंद.

मालकाला बाजेवर पाहून तो तिथंच खाली बसला. लकव्याचं त्याला ठाऊकच न्हवतं. दोन वरसं झाली, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "हं" एवढं येतं, तेबी मनात आलं तर. सलीमभाईनं त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला अन् म्हणले, "उस्ताद, माझी पेटी न्यायला आलो." मालक पाहतच राहिले. ओळखलं का न्हाई काय की.

पेटी म्हणजे त्याच्या गिटारचा अँप्लिफायर. लाकडाची, समोर जाळी, आत स्पीकर अन् काचंचे वॉल. वॉल दिसायला उभट बल्बावानी. ते तापले की आवाज निघतो. पार्टी मोडली त्या साली वॉल बदलायला म्हणून मालकाकडं ठेवली अन् हा गेला तो गेलाच. आधी हैदराबाद, मग सौदी, मग नांदेडातच शिलाईचं दुकान, पण पाय इकडं वळला न्हाई. मालकानं पेटी ना विकली ना मोडली. दरसाल खंडेनवमीला माळ्यावरून काढायचे, कोरडं फडकं मारायचे, घंटाभर चालू ठेवायचे, एखादा वॉल थकला तर बदलायचे. मी म्हणायची, लोकाच्या लेकराला काहून दूध पाजता. तर म्हणायचे, चालवली न्हाई तर मरल ती.

काढली खाली. वर हरभऱ्याचं बियाणं होतं, अन् मांजरीनं कधीकाळी संसार केलेला. भागाबाई शिंकून शिंकून हैराण, पण घरी गेली न्हाई.

पोरगी म्हणजे सलीमभाईची लेक, नाजनीन. नाजू म्हणतात. आयटीआयला बिजलीचं काम शिकवती. तिनं पेटीच्या मागून नाक घालून वास घेतला, दूध नासलं का पाहतो तसा. म्हणली, "आजी, एकदम करंट द्यायचा नाही. दोन वर्षं बंद आहे. रविवारी सामान घेऊन येते." आजी म्हणली मला. जीव कसा हरखला.

डॉक्टरनं सांगितलंय रोज लिहीत जा, काय खाल्लं, उजवा हात हालला का. म्हणून हे लिहिणं. चौथीपतुर शाळा झाली ती आता कामाला येऊन राहिली. नातीनं हॉस्टेलावरून पेन पाठवलाय, जांभळा.

खाल्लं: कण्या अर्धी वाटी. हात: न्हाई.

७ नोव्हें.

कण्या, चहात बुडवून अर्धं बिस्कुट. हात न्हाई. कापसाला बाया मिळाल्या न्हाईत, सुमन अन् बापू दोघंच गेले. (बापू माझा लेक, सुमन सून. डॉक्टरला कळावं म्हणून लिहिते.)

९ नोव्हें., रविवार

आजचं आधी लिहिते मग जेवते.

नाजू फळीवर ठोकलेला होल्डर घेऊन आली. बटण अन् पेटी ह्यांच्या मधी पिवळा, तारेचा बल्ब लावायचा म्हणे. आत काई बिघडलेलं असलं तर बल्ब लख्ख पेटून राहतो अन् पेटी वाचती. पण तिचा बल्ब वाटंत फुटला. आता गावात तारेचा बल्ब कुठं? सगळीकडं पांढऱ्या नळ्या. भागाबाई चार घरं हिंडून आली, चार घरची भांडणं ऐकून आली, बल्ब न्हाई. मग सुमन म्हणली, करडाच्या खोपटात हाय की. थंडीची ऊब म्हणून करडाला लावलेला. काढून आणला तर करडं मागंमागं वसरीपतुर आली.

बल्ब आधी लख्ख झाला, मग मंद मंद. नाजू म्हणली, चांगलं लक्षण. आतले वॉल निखाऱ्याला फुंकर घातल्यावानी हळूहळू लाल झाले. अन् पेटीतून भुणभुण निघाली. मडक्यात भुंगा कोंडावा तशी, बारीक न्हाई, जाडी, पोटातून. सलीमभाईनं गिटार गळ्यात घालून एक तार वाजवली.

मालकाचा उजवा हात हालला.

मी पाहिलं, सुमननं पाहिलं, भागाबाईनं तर पहिल्यांदा पाहिलं असं तिचं म्हणणं. अंगठा अन् पहिलं बोट. एकमेकाजवळ आले, थोडे फिरले, मग पुन्हा गोधडीवर पडले. दोन वरसांत पहिल्यांदा. सलीमभाई वाजवायचं सोडून रडायला लागले अन् नाजू म्हणे, "अब्बू, वाजवा ना, वाजवा."

तेवढ्यात एका वॉलमधलं पत्र्याचं पान लाल झालं, तवा तापतो तसं. नाजूनं झटकन बंद केलं. ह्या मोठ्या दोन वॉलांची जोडी असते म्हणे, बैलांसारखी. एक बसला की सगळं जू दुसऱ्याच्या मानेवर. बदलायचे तर जोडीनंच, अन् दोघं एका ताकदीचे पाहिजेत.

सलीमभाईनं पेटी न्यायचं नावच काढलं न्हाई. म्हणले, "भाबी, ही आता उस्तादची दवा आहे. त्यांचा हात उठेपर्यंत इथंच राहील." मी म्हणलं, वॉलाची काळजी करू नका, मालकानं डबाभर जपून ठेवलेत. ह्या खंडेनवमीला मीच पूजा केली त्याची. गुरवारी पाहतो म्हणले, ऊन उतरलं होतं, नांदेड गाठायचं होतं.

खाल्लं: कण्या वाटीभर, वरणाचं पाणी. हात: व्हय. व्हय. व्हय.

१० नोव्हें.

सगळ्या गल्लीला सांगून झालं. दुपारी डॉक्टरला फोन लावला. म्हणले चांगलं आहे, ज्यानं हात हालला ते रोज ऐकवा. फार आशा धरू नका, हेबी म्हणले, पण ते डॉक्टर लोकांचं असतंच. सुमननं मोबाईलात काढलं होतं ते मालकाला लावून दाखवलं. त्यात भागाबाईचा आवाजच जास्ती. "अगं बया, हालला की." बाकी चिरचिर. हात न्हाई.

सुमन म्हणली, "आत्याबाई, मामंजीला भागाबाई नको वाटत असल." हसलो दोघी.

११

कण्या. हात न्हाई. भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या, शेळीनं अर्ध्या खाल्ल्या.

१३ नोव्हें., गुरवार

लिहू का नको असं झालंय.

सलीमभाई अन् नाजू आले. मी डबा काढला, हौसंनं. पत्र्याचा बिस्कुटाचा डबा, आत कापूस, कापसात आठ मोठे वॉल. मालक ह्याला कधी पाण्याचा हात लावू देत न्हवते. खंडेनवमीला सुदिक नुसतं डब्यावर कुंकू. पण दोन वरसं पूजाच न्हाई झाली. ह्या साली विळे, कुऱ्हाड, पाना, पकड सगळं धुवून पुजलं, अन् ह्यांच्या हातची खरी हत्यारं ही, तीच पारोशी ठेवायची? म्हणून रिठ्याच्या कोमट पाण्यात एकेक बुडवून मऊ फडक्यानं पुसला. किती मळ निघाला. दोन-दोन वॉलांना मालकानं सुताचा तोडा बांधलेला, तो काळा कुट्ट झालेला, कापून टाकला. नवा लाल-पिवळा बांधला, सारख्या उंचीचे पाहून. हळद लावली.

नाजूनं एकेक उजेडात धरला. मी म्हणलं, छान निघाले ना. हा तर सगळ्यात सोज्वळ, बघ, डोस्क्यावर दुधावानी पांढरा झाला.

नाजू म्हणली, "आजी, हा मेला."

वॉलाच्या डोस्क्यावर आतून चांदीसारखा डाग असतो. बारीक चीर पडून आत हवा शिरली की तो पांढरा होतो. पांढरा झाला की संपला. असे दोन निघाले. कोमट पाण्यानं काच तडकली असल म्हणे. मी त्या दोघांना जास्तीचं कुंकू लावलं होतं.

अन् उरल्या सहांचं: काचंवर नंबर छापलेला असतो, तो रंग पाण्यानं सगळा गेला. हे सगळे दिसायला सारखे, आतून वेगळे. कोणता कोणत्या जातीचा कळत न्हाई. अन् तो काळा तोडा म्हणजे मालकानं मोजून लावलेल्या जोड्या होत्या. मी घरची लग्नं मोडून दुसरी लावून दिली.

मग सुमन म्हणली, "टीव्ही तेवढा धुवायचा राहिला बघा." एरवी मी हसले असते.

सलीमभाई म्हणले, "भाबी, तुमी पूजाच केली ना. गुनाह नाही केला." चांगला माणूस. पण मला वाटलं ओरडला असता तर बरं.

मालकाकडं पाहायची हिंमत झाली न्हाई. ते पाहून राहिले होते का डब्याकडं? त्यांना सगळं कळतं असं डॉक्टर म्हणतात.

खाल्लं: लिहायचं राहिलं. हात: न्हाई.

१६ नोव्हें., रविवार

सहा वॉल. दोन-दोन घेतले तर जोड्या पंधरा होतात, नाजूनं कागदावर मांडून दाखवल्या. मीटर, पेन्सिल, खोडरबर, सगळं घेऊन आली. वॉलाच्या बुडाच्या काड्यांवर पाण्यानं गंज धरलेला, तो खोडरबरानं घासला. मग लावायचा, तापू द्यायचा, पेन्सिलीनं काचंवर हळूच टिचकी मारायची. आत काही ढिलं असलं तर पेटीतून घंटीसारखा आवाज येतो.

आधी मालकालाच विचारावं असं सलीमभाईच्या मनात आलं. बाजेवर गोधडी सपाट केली, सहा वॉल मांडले. "उस्ताद, हा अन् हा? हो असलं तर डोळे मिटा." मालकानं डोळे मिटले. दुसरी जोडी. मिटले. तिसरी. मिटले. मग कळलं, झोप आली होती.

दुपारपतुर नऊ जोड्या लावल्या. दर बारीला पेटी चालू झाली की मालकाची मान हालायची. एकदा बोटबी हाललं, सलीमभाई गिटार आणायला गाडीकडं गेले होते तवाच. मी ओरडले, तोवर पान लाल झालं अन् बंद करावी लागली. एका जोडीवर चांगलं पाच मिनिटं चाललं. सलीमभाईनं जुनं गाणं वाजवलं, आवाज फाटका, कुत्र्यानं ओढल्यावानी, पण वाजवलं. मग त्यातला एक चर्रर्र करून गेला.

आधीचे दोन लाल होऊन बसलेले, म्हणजे तीन वॉल उरले, त्यांतला एकबी दुसऱ्याशी जुळत न्हाई. पेटीतली जुनी जोडी, तिच्यातला थकलेलाबी आज पुरता विझला.

नाजू म्हणली ह्या जातीचे वॉल बाहेर देशात अजून बनतात. मागवते. पंधरा-वीस दिवस. मी म्हणलं, बाई, मागव.

कण्या अर्धी. हात: एक बोट, एक बार.

१९ नोव्हें.

पेटी मुकी. मालक दिवसभर तिच्याकडं पाहत राहतात. सुमन म्हणली, आपणच भुणभुण करून पाहू. मी उजव्या कानाशी, ती डाव्या. ऊंऊंऊं. दोघींचा सूर जुळंना. मधीच शेळी ओरडली अन् सुमनला हसू फुटलं, मग मला. मालकानं डोळे उघडून आमच्याकडं असं पाहिलं की आमी गप.

हात न्हाई.

२२

ठसका लागला कण्यांचा. लई घाबरले. आता पातळच द्यायचं.

२४

वरणाचं पाणी, पाच चमचे. अंग कोमट. हात न्हाई.

२६ नोव्हें., चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत, रोडगे. मालकाच्या जिभेला भरताचं पाणी लावलं. चाखलं असं वाटलं. भागाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आली अन् घंटाभर बसली. तिच्या जावयानं नवा डीजे घेतला, त्याचा आवाज तीन गावं जातो म्हणे, तो आणू का मालकासाठी. मी म्हणलं, बाई, हात हालवायचाय, जीव न्हाई घालवायचा.

ताप थोडा. डॉक्टर म्हणले छातीत कफ आहे.

३० नोव्हें.

नाजूचा फोन. वॉल निघाले तिकडून. कुठून ते सांगितलं, मला नाव न्हाई आलं. दूरहून येऊन राहिलेत मालकासाठी, किती कौतुक. मालकाला सांगितलं. हात न्हाई.

४ डिसें.

पाणी. साबुदाण्याची पेज, दोन चमचे. कूस बदलताना बापूला कण्हल्यावानी आवाज आला. आता वजन राहिलं न्हाई अंगात, बापू एकट्यानं उचलतो.

७ डिसेंबर, रविवार

आले. वॉल असे, खोक्यात स्पंजात झोपवलेले, नवरा-नवरीवानी जोडीनं. ताकद मोजून, जुळवून, वर चिठ्ठी चिकटवलेली. मी हात मागं बांधून उभी राहिले. नाजू म्हणली, "आजी, धरा की." न्हाई धरला.

आधी तिनं पेटी उलटी करून आतलं काम केलं. मोठे नळकांड्यासारखे दोन कंडेन्सर होते, फुगलेले, बुडाशी पाझरलेले. म्हणली भुणभुण ह्यांचीच, हे मालकांच्या हाती यायच्याही आधीचे असतील, हे असेच ठेवले तर नवे वॉलही खातील. काढले, नवे लावले. टाका घालावा तसं बारीक काम. पोरगी हुशार, अन् चहा एकदाबी नको म्हणली न्हाई.

करडाचा बल्ब लावला, बटण दाबलं. वॉल पेटले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पान लाल न्हाई झालं. अन् पेटी इतकी शांत, चालू हाय का बंद कळंना. नाजूच्या तोंडावर काय आनंद. "अब्बू, बघा, जरासुद्धा भुणभुण नाही." सलीमभाईनं तार छेडली अन् असा स्वच्छ आवाज, विहिरीत पाणी पडावं तसा. गल्ली गोळा झाली. त्यांनी एकामागून एक वाजवलं, जत्रेतली, लग्नातली, मालकाच्या आवडीची. बापू कापूस सोडून आला. मी सगळा वेळ हाताकडं पाहत होते.

घंटाभर वाजवलं. सलीमभाईच्या बोटाला रक्त आलं.

हात न्हाई. मानबी न्हाई. मालक छताकडं पाहत होते.

सलीमभाईनं गिटार खाली ठेवली अन् म्हणले, "उस्ताद रूठ गए." त्यांना काय सांगावं. जाताना वाटंत खायला शेंगा बांधून दिल्या. पुन्हा कधी येता हे मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.

८ डिसें.

पेटी सुमन रोज लावते, तिला शिकवून गेली नाजू. मोबाईलातली गाणी त्यातून वाजतात. गोड वाजतात. हात न्हाई.

१० डिसें.

डॉक्टर गावात आले होते, घरी येऊन गेले. ही वही मागितली, म्हणले दाखवा काय लिहिलं. त्यांना माझं अक्षर लागंना, मग मीच वाचून दाखवलं. आधी मी भागाबाईचं वाचत होते, ते हसून म्हणले, हाताचं तेवढं वाचा.

हाताचं वाचलं. ९ तारखेला हालला. १६ला एक बोट. वाचता वाचता मी थांबले. १६ला बोट हाललं तवा सलीमभाई गाडीपाशी होते. गिटार गाडीत होती. मग काय वाजत होतं?

काईच न्हाई. नुसती भुणभुण.

डॉक्टर गेल्यावर मी बसून राहिले. ४० वरसं हा माणूस मांडवाच्या मागं पेट्यांजवळ बसला. गाणं पुढं चालायचं, लोकं नाचायची, ह्यांना गाण्याचं काई पडलेलं नसायचं. ह्यांचा कान भुणभुणीला. ती वाढली की हे उठायचे, अंगठा अन् बोटानं बटण फिरवायचे, वॉल दाबून पाहायचे, पुन्हा बसायचे. जेवता जेवता उठायचे. त्या दिवशी अंगठा अन् बोट फिरलं ते असं. गाणं आवडलं म्हणून न्हाई. काम आलं म्हणून.

अन् आमी ते काम नीट करून टाकलं.

११ डिसें.

सलीमभाईला फोन. सांगितलं. मग म्हणले, "सही है भाबी. पूरे पच्चीस साल स्टेजवर मी त्याच्याकडं पाहायचो, अन् तो पेटीकडं."

मग फोन नाजूकडं दिला. मी म्हणलं, बाई, ते जुने फुगलेले कंडेन्सर परत लावता येतात का? ती म्हणली, ते घरी आणून भंगाराच्या पिशवीत टाकले, पिशवी सोमवारी गेली. भंगारवाल्याकडं जाऊन पाहते. न्हाई सापडले तर नवा एक काढून भुणभुण आणता येईल, पण तशीच येईल का, सांगता येत नाही. तिचा आवाज रडका झाला. मी म्हणलं, अगं, तुझं काय चुकलं, तू तर नीट केलं. मी तर धुतले.

सुमन म्हणली आपण पंखा लावू, मोटर लावू, तीबी भुणभुणते. पंखा लावला, बापूनं पाण्याची मोटर आणून वसरीत चालू केली. मालकानं डोळेबी उघडले न्हाईत. त्यांना फरक कळतो.

पाणी, चार चमचे.

१२

नाजूचा फोन: भंगारवाल्याकडं ढीग हाय, आयटीआय सुटल्यावर पाहते. ताप १०२. हात न्हाई.

१३ डिसें.

एक कंडेन्सर सापडला. चेपलेला. दुसरा न्हाई. नाजू दोन घंटे ढिगात बसून होती, ओढणी फाटली म्हणून सलीमभाई सांगत होते. एकावर भुणभुण येईल का? येईल थोडी, म्हणे. मालकाच्या पेटीची हाय ती का दुसरीच, ते मालकालाच कळल.

भागाबाईनं देवाला नारळ बोलला. मला म्हणली, तूबी बोल. मी म्हणलं कोणत्या देवाला बोलू, पेटी बिघडव म्हणून.

पाणी दोन चमचे, एक बाहेर आला.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी डॉक्टर आले. छाती पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली. बापूला बाहेर घेऊन गेले, पण आमच्या घराची भिंत कुडाची, आत सगळं ऐकू येतं. दोन-तीन दिवस पाहू, म्हणले. लेकीबाळींना कळवून ठेवा.

मी सलीमभाईला फोन केला. डॉक्टरचं सांगितलं न्हाई. कसं सांगू, पोरगी आधीच रडती. इतकंच म्हणलं, आज रविवार, आज जमतंय का. ते म्हणले न्हाई, आज उद्या नाजूला परीक्षेची ड्यूटी हाय. मी इचारलं, मंगळवारी? म्हणले, ती एकदाच रजा काढल, कंडेन्सर सरळ करून, तपासून, मगच आणल, नाहीतर पेटी जळल अन् पुन्हा काईच उरणार न्हाई. मी म्हणलं बराबर हाय. घाई करू नका म्हणलं, नीट काम करा.

सुमननं पेटी पुसून बाजेजवळ आणून ठेवली. बंदच. मालकाचा उजवा हात मी पेटीवर ठेवला, लाकडावर. थंड हाय दोन्ही. तसाच ठेवलाय.

पाणी: कापसानं ओठ ओले केले.

सलीमभाई गुरवारी येतो म्हणले. अठरा तारखेला, सकाळच्याला.